आधी वाचा, मग लिहा

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या माणसाला पालक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्ही कुठली लँग्वेज शिकवता?" आणि दुसरा, "आमच्या मुलाचं गणित जरा बेताचंच आहे, त्याला झेपेल का?" दोन्हींची उत्तरं मी देते. लँग्वेज कुठलीही चालेल; आमच्याकडे पूर्वी सी होती, मग सी प्लस प्लस आली, आता पायथॉन आहे. गणिताचं म्हणाल, तर सुरुवातीला बेरीज, वजाबाकी आणि भागाकारातली बाकी एवढं आलं तरी पुरतं. पण पहिल्या दिवशी तुम्ही मुलांकडून काय करून घेता, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मी पाट्या वाटते.

साध्या, लाकडी चौकटीच्या पाट्या. सोबत पेन्सिली आणि पुसायला ओलं फडकं. संगणकाची प्रयोगशाळा शेजारच्याच खोलीत आहे, पण पहिले तीन आठवडे आम्ही तिकडे फिरकत नाही. दरवर्षी एखादे वडील येऊन म्हणतात, "मॅडम, फी कॉम्प्युटरची भरलीय. पाट्या काय, आमच्या आजोबांकडेही होत्या." त्यांची तक्रार मला रास्त वाटते आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळायला हवं असंही वाटतं. आजचं बोलणं हे बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

संगणक वापरणं वेगळं आणि त्याला काम सांगणं वेगळं, हे आधी स्पष्ट करायला हवं. आपल्याकडे गावोगावी लाखो लोकांनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला. पत्र टाइप करणं, हिशेबाचा तक्ता करणं, ईमेल पाठवणं हे त्यातून लोकांना आलं, आणि ते मोलाचं काम झालं. पण तिथे दुसऱ्यानं लिहिलेले प्रोग्रॅम आपण वापरतो. प्रोग्रॅमिंगमध्ये तो प्रोग्रॅम आपल्यालाच लिहायचा असतो, म्हणजे एकेक सूचना क्रमानं मांडायची असते. मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या मुलाला प्रोग्रॅमिंग सोपं जाईल, हा समज मला तरी वर्गात खरा ठरलेला दिसला नाही.

आता हे शिकवतात कसं? आपल्याकडची रूढ पद्धत अशी: शिक्षक फळ्यावर प्रोग्रॅम लिहितात, मुलं तो वहीत उतरवतात, प्रयोगशाळेत जाऊन जसाच्या तसा टाइप करतात, उत्तर आलं की जर्नलमध्ये लिहितात आणि सही घेतात. वर्षाअखेर जर्नलात तीस-चाळीस प्रोग्रॅम होतात. प्रॅक्टिकलला त्यातलाच एखादा येतो. मग मुलं काय करणार? पाठ करतात. स्वल्पविराम, कंस, सगळ्यासकट. मूळ संख्या ओळखण्याचा प्रोग्रॅम झोपेतसुद्धा लिहील अशा एका मुलाला मी तोंडी परीक्षेत विचारलं, "ही मधली एक ओळ काढली तर काय होईल?" तो म्हणाला, "मॅडम, असं पुस्तकात नव्हतं." मुलगा हुशार होता. चाळीस प्रोग्रॅम पाठ करायला काही कमी बुद्धी लागत नाही. पण वर्षभराच्या श्रमानंतर त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, ती म्हणजे आपल्याला प्रोग्रॅमिंग येत नाही. अशी मुलं पुढे हा विषय सोडतात. मराठी माध्यमातून आलेली असतील तर खापर इंग्रजीवर फोडतात. खरं तर सी भाषेच्या पहिल्या प्रमाणित (अ‍ॅन्सी) व्याख्येत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. आठवड्याभरात कुणालाही येतील.

पुस्तकांचा दोष आहे असंही नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर आपल्या देशातल्या दोन पिढ्या सी शिकल्या. त्यातल्या धड्यांच्या शेवटी प्रश्न असतात: अमुक प्रोग्रॅमचं उत्तर काय येईल, तमुक प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे. माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथे आहे. नेमकी तीच पानं मुलं ओलांडतात आणि सोडवलेल्या प्रोग्रॅमकडे वळतात, कारण परीक्षेला 'प्रोग्रॅम लिहा' असं येतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे अभ्यासक्रम पूर्ण केलेली ही मुलं होती. त्यांना साध्या गणकयंत्रासारखं काम करणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. ११० पैकी सरासरी गुण पडले २३ च्याही आत. मुलांना समस्या सोडवता येत नाहीत, असा अर्थ बऱ्याच जणांनी काढला. पुढे २००४ साली रेमंड लिस्टर आणि इतरांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना वेगळं काम दिलं. लिहायचं काहीच नाही. छोटे, तयार प्रोग्रॅम दिले आणि ते चालवल्यावर काय होईल, हे पर्यायांतून निवडायला सांगितलं. तिथेही पुष्कळ मुलं अडखळली. माझ्या शिकवण्याचा पाया या दुसऱ्या निष्कर्षावर उभा आहे. ज्याला चार ओळी वाचता येत नाहीत, त्याला निबंध लिहायला बसवण्यात अर्थ नाही. बालवाडीत आपण असं कधी करत नाही.

आता पाट्यांकडे येते. प्रोग्रॅममध्ये आकडे साठवायला जागा लागते. तिला व्हेरिएबल म्हणतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'व्हेरिएबल म्हणजे डबा.' मला ही उपमा आवडत नाही. डब्यात एकावर एक वस्तू ठेवता येतात, म्हणून मुलांना वाटतं, की आधी ५ ठेवले, मग ८ ठेवले, तर आत दोन्ही असतील. शिवाय एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं की पहिला रिकामा होतो. संगणकात यातलं काहीच घडत नाही. पाटी जास्त चपखल बसते. पाटीवर एकच आकडा लिहायचा. नवा लिहायचा तर जुना पुसायचा. आणि दुसऱ्याच्या पाटीवर बघून मी माझ्या पाटीवर लिहिलं, तर त्याची पाटी आहे तशीच राहते.

दोन मुलांना समोर उभं करते. एकीचं नाव 'अ', दुसऱ्याचं 'ब'. 'अ'च्या पाटीवर ५, 'ब'च्या पाटीवर ८. तिसरा मुलगा सूचना वाचणार. वर्गाला काम देते: दोघांच्या पाटीवरचे आकडे अदलाबदल करून दाखवा. सूचना लगेच येतात. एक: ब मधलं अ मध्ये लिही. दोन: अ मधलं ब मध्ये लिही. वर्ग खूश. मग पाटीवाले सूचना पाळतात. 'अ' आपले ५ पुसून ८ लिहिते. आता 'ब' तिच्या पाटीकडे बघतो, तिथे ८. तो स्वतःचे ८ पुसून पुन्हा ८ लिहितो. दोन्हीकडे ८. पाच गेले कुठे? पुसले गेले. खोलीत कुठेही लिहिलेले नाहीत. क्षणभर शांतता पसरते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "अजून एक पाटी द्या!" हे उत्तर मी कधीही आपणहून सांगत नाही. तिसऱ्या पाटीची गरज ज्याला स्वतः जाणवली, तो ते तीन ओळींचं तंत्र जन्मात विसरत नाही.

यात एक गंमत नेहमी होते. पाटी धरलेली मुलगी समंजस असते. सूचना चुकीची आहे हे तिला कळतं, म्हणून ती ५ पुसण्याआधी हळूच 'ब'ला सांगून टाकते, "माझे पाच होते रे." वर्ग हसतो, पण खरा पाठ तिथे असतो. तिनं सांगणाऱ्याचा हेतू ओळखला. यंत्र तो ओळखत नाही. रॉय पी या अभ्यासकानं १९८६ साली नवशिक्यांच्या चुका तपासताना याच समजुतीला सगळ्या चुकांची मूळ चूक ठरवलं होतं. यंत्राच्या आत कुणीतरी शहाणं माणूस बसलंय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला समजेल, अशी ती समजूत. मुलं हे बोलून दाखवणार नाहीत, विचारलं तर नाकारतील, पण लिहिताना तसंच लिहितात.

'बरोबर'च्या चिन्हाचाही असाच घोळ. अ बरोबर अ अधिक १, असं फळ्यावर लिहिलं की बीजगणित चांगलं असलेली मुलं आधी उसळतात. "दोन्हीकडून अ वजा केला तर शून्य बरोबर एक होईल!" अगदी खरं आहे. इथे त्या चिन्हाचा अर्थच वेगळा आहे: उजवीकडचं उत्तर काढ आणि डावीकडच्या पाटीवर लिही. निक्लाउस वर्थ यांनी पास्कल भाषा केली तेव्हा या कामासाठी 'बरोबर'च्या आधी दोन टिंबं दिली होती, म्हणजे घोटाळाच नको. ती पद्धत मागे पडली. माझ्या मते तेवढ्यापुरती जुनी भाषाच शहाणी होती.

यापुढची अडचण आपल्या बोलण्यातून येते. "सातारा आणि सांगलीची मुलं हात वर करा" म्हटलं तर दोन्ही जिल्ह्यांतली मुलं हात वर करतात. मग प्रोग्रॅममध्ये मुलं अट लिहितात: जिल्हा सातारा असेल आणि जिल्हा सांगली असेल, तर नाव छाप. एकही नाव छापलं जात नाही. संगणक एकेका मुलाला विचारतो, तू साताऱ्याचा आहेस आणि त्याच वेळी सांगलीचाही आहेस का? असा कोण असणार? तिथे 'किंवा' हवं. शंभर मुलांची यादी आणि कोरा पडदा, हे पाहिल्यावर 'आणि'चा अर्थ कायमचा समजतो.

'जोपर्यंत' हा शब्द तर याहून फसवा. दूध उतू जात नाही तोपर्यंत गॅस चालू ठेव, असं आईनं सांगितलं की आपण दुधावर नजर ठेवून उभे राहतो. दूध वर येताक्षणी गॅस बंद. संगणकाचं 'जोपर्यंत' तसं नसतं. समजा सूचना अशी आहे: दूध उतू गेलेलं नाही तोपर्यंत भाजी चीर, कणीक मळ, केर काढ. संगणक एकदा दुधाकडे बघेल, मग भाजी चिरेल, कणीक मळेल, केर काढेल आणि त्यानंतरच पुन्हा दुधाकडे बघेल. कणीक मळताना दूध उतू गेलं तरी केर काढून झाल्याशिवाय त्याला त्याचा पत्ता नाही. अट फक्त फेरीच्या तोंडाशी तपासली जाते. मुलांना हे सांगून पटत नाही, करून पटतं. म्हणून एकजण दाराशी शिपाई होतो, एकजण फेरी मारतो, आणि फेरीच्या मध्यात मी मुद्दाम पाटीवरचा आकडा बदलते. शिपायानं तेव्हा डोळे मिटलेले असायला हवेत, हा आमचा नियम.

क्रमाचं महत्त्व मार्कांवरून कळतं. ३५ किंवा जास्त असतील तर पास; नाहीतर ६० किंवा जास्त असतील तर फर्स्ट क्लास; नाहीतर ७५ किंवा जास्त असतील तर डिस्टिंक्शन. वाचायला ठीक वाटतं ना? पण ८० मार्कांची मुलगी पहिल्याच अटीत अडकते आणि तिला नुसतं 'पास' मिळतं. पुढच्या अटींपर्यंत यंत्र जातच नाही. सगळ्या वर्गात एकालाही डिस्टिंक्शन नाही म्हटल्यावर मुलं तावातावानं चूक शोधतात.

तिसऱ्या आठवड्यात पाट्या जातात आणि वही येते. वहीत रकाने आखायचे. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, प्रत्येक सूचनेला एक ओळ. सूचना वाचायची, बदल झाला तर लिहायचा, पुढे जायचं. मी हिला रोजकीर्द म्हणते. वाण्याच्या दुकानात दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमानं उतरवतात, शिल्लक प्रत्येक ओळीला जुळली पाहिजे, तसंच हे. दुकानदारांची मुलं यात पटकन तरबेज होतात, असा माझा अनुभव आहे. गणितात ९० मिळवणारी काही मुलं मात्र रोजकीर्द लिहायला कंटाळतात आणि उत्तराचा अंदाज बांधतात. अंदाज चुकला की चिडतात. त्यांना सावरायला जास्त वेळ लागतो.

इतकं बसून वाचणं रुक्ष आहे, मुलांना काहीतरी घडवू द्या, असं म्हणणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सीमोर पॅपर्ट हे त्यांचे आद्य गुरू. जिनिव्हात ज्यां पियाजे यांच्याबरोबर काम करून ते अमेरिकेत एमआयटीत आले आणि १९६७ साली सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. तिच्यात एक कासव असतं. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असं चार वेळा सांगितलं की चौकोन होतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लसच्या आपल्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातही कासवापासून केली आहे. मी ते कासव घेते, पण आधी जमिनीवर. चौकोन झाल्यावर त्रिकोण काढायला सांगते. मुलं म्हणतात, कोन ६० अंशांचा, तर ६० अंश वळ. एकजण तसं चालायला लागतो आणि त्रिकोणाऐवजी षटकोनाच्या वाटेला लागतो. ६० हा आतला कोन झाला; चालणारा माणूस बाहेरून वळतो, म्हणजे १२० अंश. पॅपर्ट यांचा आग्रह हाच होता, की मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवावं. त्याला ते खेळ म्हणत असतील. मी त्यालाही वाचनच म्हणते.

चौथ्या आठवड्यात एकदाचे आम्ही प्रयोगशाळेत जातो. तिथेही एक शिस्त आहे. प्रोग्रॅम चालवायचं बटण दाबण्याआधी काय छापलं जाईल ते वहीत लिहायचं. पेननं. नंतर बटण. उत्तर जुळलं तर पुढे; जुळलं नाही तर प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, आधी रोजकीर्द तपासायची. चूक दोन ठिकाणी असू शकते, प्रोग्रॅममध्ये किंवा आपल्या समजुतीत, आणि दुसरी जास्त महत्त्वाची. मुलांची सवय अशी असते, की उत्तर चुकलं की इथे एक वाढव, तिथे एक कमी कर, पुन्हा चालव. दहाव्या प्रयत्नाला बरोबर उत्तर येतंही. पण का आलं, ते त्यालाही माहीत नसतं.

संगणक जे चुकांचे संदेश देतो तेही वाचायचे असतात. बहुतेक मुलं लाल अक्षरं दिसली की घाबरून खिडकी बंद करतात. सी भाषेत ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला, तर यंत्र बऱ्याचदा पुढच्या ओळीवर चूक दाखवतं. मुलगा त्या ओळीकडे टक लावून बसतो. तिथे काहीच चुकलेलं नसतं. आपणही पूर्णविराम नसलेलं वाक्य वाचताना पुढचं वाक्य सुरू झाल्यावरच अडखळतो, तसंच ते आहे. म्हणून एक तास मी फक्त बिघडवण्याचा ठेवते. चालू प्रोग्रॅम देते आणि सांगते, प्रत्येकानं एकेक गोष्ट मोडा, काय संदेश येतो ते लिहून ठेवा. हा तास मुलांना फार आवडतो.

परवापरवापर्यंत पुष्कळ कॉलेजांत टर्बो सी हे जुनं, निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर वापरलं जायचं. त्यानं एक सुंदर धडा फुकट दिला. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळ्यांकडून करून घेतला जातो: १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. सातचं उत्तर ५०४०, बरोबर. आठचं उत्तर यायला हवं ४०३२०. टर्बो सी छापायचं उणे २५२१६. गुणाकारात उणे आलं कुठून? प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचला तरी चूक सापडत नाही. कारण पाटीच लहान होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या पूर्णांकाला १६ घरं मिळायची आणि त्यांत जास्तीत जास्त ३२७६७ मावायचे. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसं इथे ३२७६७ च्या पुढे गेलं की मोजणी थेट उण्यात जाते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी हेच होतं: मोठी संख्या १६ घरांत बसवायला गेले आणि ती मावली नाही. पायथॉनमध्ये पूर्णांकाची पाटी लागेल तशी मोठी होते, त्यामुळे आताच्या मुलांना तो उणे आकडा दिसत नाही. मी जुनी मशीन मुद्दाम ठेवली आहे, एवढ्या एका आकड्यासाठी.

आता अलीकडचा प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात माझ्या वर्गातला गृहपाठ अचानक सुबक झाला. मराठीत सांगितलं तरी ते प्रोग्रॅम लिहून देतं. मग मुलांनी शिकायचं कशाला, असं पालक विचारतात, आणि काही शिक्षकही. मी गृहपाठाची पद्धत बदलली. प्रोग्रॅम कुठूनही आणा, यंत्राकडून लिहून घ्या, मला चालेल. तुम्ही आणलेल्या प्रोग्रॅमची रोजकीर्द माझ्यासमोर लिहा, आणि मी एक ओळ बदलते, मग काय होईल ते सांगा. पाठांतर करणाऱ्या मुलाचे आणि यंत्राकडून लिहून आणणाऱ्या मुलाचे हाल इथे सारखेच होतात.

यासाठी एक जुनी समस्या मला फार उपयोगी पडते. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी ती विद्यार्थ्यांना दिली होती आणि पावसाची समस्या म्हणूनच ती प्रसिद्ध आहे. रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून घ्यायचे. ९९९९९ हा आकडा आला की थांबायचं. आणि सरासरी सांगायची. एवढंच. पण नवशिके यात हटकून घसरतात. कुणी ९९९९९ हाच आकडा पाऊस म्हणून बेरजेत धरतो. कुणी दिवस एक जास्त मोजतो. आणि पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? दिवस शून्य, म्हणजे शून्यानं भागाकार. बरेच प्रोग्रॅम तिथे कोसळतात.

गेल्या वर्षी पाच गटांना हे काम दिलं. पाचही गटांनी यंत्राकडून प्रोग्रॅम आणले. सगळे चालले. मग मी त्यांना एकमेकांचे वाचायला दिले, आणि पहिलाच आकडा ९९९९९ असेल तर काय छापलं जाईल, ते बटण न दाबता लिहायला सांगितलं. एक प्रोग्रॅम कोसळणार, हे दोन गटांनी ओळखलं. तीन प्रोग्रॅममध्ये काळजी घेतलेली होती. तिथे सरासरी शून्य छापली जात होती. उरलेल्या एकात 'नोंद उपलब्ध नाही' असं छापलं जात होतं. मुलांचा कौल शून्याकडे होता. छोटं आहे, नीटनेटकं आहे, आणि बहुमतही तिकडेच.

तेव्हा माण तालुक्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी कोरडवाहू शेती आहे. ती म्हणाली, "मॅडम, पाऊस शून्य पडला आणि पाऊस मोजलाच नाही, या दोन गोष्टी एक कशा? आमच्याकडे पर्जन्यमापक बंद असला की त्या दिवशी शून्य लिहायचं का? आणि दोन दिवस मोजायचे राहिले, तर महिन्याची सरासरी तीस दिवसांनी काढायची की अठ्ठावीस?" एका मुलानं तिला सांगितलं, की प्रश्नात तसं दिलेलं नाही. ती म्हणाली, "मग प्रश्न ज्यानं दिला त्याला विचारायला हवं. दुष्काळ ठरवताना हेच आकडे बघतात."

तास संपला तरी वाद चालू होता. दुसऱ्या दिवशी त्या गटानं तिसरी पाटी मागितली, मोजणी न झालेले दिवस वेगळे ठेवायला.